मजल दरमजल: पुलगावातली एक घोडी आणि शिलेदाराचा हिशेब

जुन्या मराठीत अंतर कोसांत मोजत आणि प्रवास मजलांत. मजल म्हणजे माणूस आणि जनावर एका दिवसात जेवढं चालू शकेल तेवढा टप्पा. शब्द अरबी 'मंझिल'वरून आला आणि त्याचा मूळ अर्थ आहे उतरण्याची, मुक्कामाची जागा. बखरींमधल्या फौजा 'मजल दरमजल' करीत जातात, म्हणजे आज इतकं चालायचं, मग मुक्काम, मग उद्या पुन्हा तेवढंच. आज आपण कुणाला 'कुठवर मजल मारलीस' असं विचारतो तेव्हा त्यातलं अंतर आपल्या लक्षात असतं, मुक्काम मात्र विसरलेला असतो.

लांब पल्ल्याची घोडदौड, जिला जगभर एन्ड्युरन्स रायडिंग म्हणतात, ती मला या शब्दामुळे समजली. एका दिवसात ४०, ८०, १२० किंवा १६० किलोमीटर अंतर कापायचं असतं. पण ते सलग नाही. अंतराचे टप्पे पाडलेले असतात आणि प्रत्येक टप्प्यानंतर सक्तीचा मुक्काम असतो. मुक्कामावर पशुवैद्य घोड्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावतो. ठरलेल्या वेळात हृदयाचे ठोके मिनिटाला ६४च्या आत यायला हवेत. हिरड्यांचा रंग, कातडीची चिमटी, पोटातले आवाज हे सगळं तपासलं जातं. शेवटी घोड्याला हातात धरून दुडक्या चालीने पळवून दाखवावं लागतं. तो लंगडला तर त्याची स्पर्धा तिथेच संपते. स्वार किती ताजातवाना आहे, हे कुणी विचारत नाही.

मी पुलगावला राहते. गावाच्या नावातच पूल आहे, वर्धा नदीवरचा. १८८९ सालची कापड गिरणी, पूर्वी आर्वीला जाणारी १९१७ सालची अरुंद रुळांची छोटी गाडी आणि लष्कराचा दारूगोळा डेपो एवढ्यावर आमचं गाव ओळखलं जातं. घोड्याला त्यात कुठे जागा नाही. इथे घोडी दिसते ती लग्नसराईत, नवरदेवाला घेऊन, बँडच्या मागून. त्यामुळे पुण्याच्या शर्यतीतून निवृत्त झालेली सहा वर्षांची तपकिरी घोडी सहाशेहून अधिक किलोमीटरचा प्रवास करून आमच्या शेतावर ट्रकमधून उतरली, तेव्हा बघायला आलेल्या प्रत्येकाचा प्रश्न एकच होता. "काहून ताई, हिले शंकरपटात पयवता का जी?"

प्रश्न रास्त आहे. आमच्याकडे शर्यत म्हणजे शंकरपट, बैलजोडीची. काही सेकंदांचा खेळ, आणि ते सेकंद लोक वर्षभर आठवतात. मी सांगायचे की हिला पळवायचं नाही, हळू चालवायचं, पण दिवसभर. ऐकणाऱ्याचा चेहरा उतरायचा. पळायलाच जन्माला घातलेलं जनावर हळू कशाला चालवायचं? आणि चालवायचंच तर किती, हे ठरवणार कोण? पहिल्या प्रश्नाचं उत्तर घोड्याच्या शरीरात आहे. दुसऱ्याचं शोधताना मी आपल्याच इतिहासात जाऊन पोहोचले.

अडीच मिनिटांसाठी घडवलेलं शरीर

शर्यतीच्या घोड्याची जात म्हणजे थरोब्रेड. सतराव्या-अठराव्या शतकांत पूर्वेकडचे घोडे इंग्लंडात नेऊन तिथल्या घोड्यांशी त्यांचा संकर केला गेला. आजच्या सगळ्या थरोब्रेड घोड्यांची पितृपरंपरा तीनच नरांपर्यंत जाते: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गोडॉल्फिन अरेबियन. १७९१ साली त्यांची वंशावळीची वही छापली गेली आणि तेव्हापासून या जातीची निवड एकाच कसोटीवर होत आली: ठरलेल्या अंतरात सगळ्यांत आधी कोण पोहोचतो?

आपल्याकडे ही शर्यत इंग्रजांनी आणली. पुण्याचं रेसकोर्स १८३०चं, मुंबईत महालक्ष्मीचं १८८३चं. सुरुवातीच्या काळात मुंबईच्या मैदानावर अरबी घोडे जास्त असत. इराणच्या आखातातून ते गलबतांनी मुंबई बंदरात उतरत. हळूहळू थरोब्रेडांनी त्यांना मैदानाबाहेर काढलं. कमी अंतरात त्यांच्यापुढे अरबीचा टिकाव लागत नाही. १९४३पासून चालू असलेली इंडियन डर्बी २,४०० मीटरची आहे. अडीच मिनिटांच्या आसपास ती संपते. त्या अडीच मिनिटांत घोड्याचं हृदय मिनिटाला दोनशेच्या वर ठोके देतं. विश्रांतीत तेच हृदय तीस-चाळीस ठोक्यांवर चाललेलं असतं.

वयाचा हिशेब पाहा. डर्बीत धावणारा घोडा चार वर्षांचा असतो. आंतरराष्ट्रीय अजिंक्यपदाच्या १६० किलोमीटरच्या घोडदौडीत आठ वर्षांखालच्या घोड्याला उतरताच येत नाही. म्हणजे एका खेळातली कारकीर्द जिथे संपते, तिथे दुसऱ्यातली अजून सुरूही झालेली नसते. थरोब्रेड पंचवीस वर्षं सहज जगू शकतो. पाचव्या-सहाव्या वर्षी तो मैदानावरून उतरतो तेव्हा त्याचं तीन चतुर्थांश आयुष्य शिल्लक असतं, आणि त्या आयुष्यात काय करायचं ते त्याला कुणी शिकवलेलं नसतं. काही घोड्या पैदाशीला जातात, काही घोडे रायडिंग स्कूलमध्ये किंवा पोलोच्या मैदानावर जातात. उरलेले हातोहात विकले जातात, आणि दर विक्रीत त्यांचा मागचा इतिहास थोडा थोडा पुसला जातो.

शिलेदार आणि बारगीर

मराठी फौजेत घोडेस्वार दोन प्रकारचे होते, हे शाळेत आपण एका ओळीत शिकतो. शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येई. बारगिराला घोडा सरकारी पागेतून मिळे. परीक्षेपुरतं एवढं पुरतं. घोडा बांधून घरी आणला की या ओळीचा खरा अर्थ कळतो.

शिलेदाराचा घोडा मेला तर त्याची पत जात असे. पगार घोड्यासकटचा होता, घोडा गेला की तो बारगिराच्या पायरीवर यायचा. त्याचं घर, कर्ज, अब्रू सगळं त्या चार पायांवर उभं होतं. म्हणून शिलेदार घोडा जपायचा. लढाईत तो जीव तोडून घोडा पुढे घालत नाही, अशी टीका त्याच्यावर झाली आहे. तिच्यात तथ्य असेल. पण त्याच स्वारांच्या घोड्यांनी लांबच्या मोहिमा पार पाडल्या. मार्च १७३७मध्ये पहिला बाजीराव मोठमोठ्या मजला मारत थेट दिल्लीच्या वेशीवर जाऊन उभा राहिला, तो अशाच फौजेच्या जोरावर. ही दौड भीमथडीच्या तट्टांची होती. भीमा नदीच्या काठच्या या घोड्यांना उंची नव्हती, पण थोड्या चंदीवर आणि मिळेल त्या वैरणीवर ती चालत राहायची.

आमच्या वर्धा नदीने हे घोडे पाहिलेले आहेत. हा सगळा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. पहिल्या रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ ते १७५१ या काळात पुन्हा पुन्हा बंगालवर गेल्या. नागपूरपासून बंगालमधलं काटवा हजार किलोमीटरच्या आसपास आहे. तेवढं अंतर जाऊन, लढून, लुटून परत यायचं, आणि तेही घोडा जिवंत ठेवून. बंगालच्या गावांनी या स्वारांमुळे जे सोसलं ते भयंकर होतं. 'बारगीर' या शब्दाचा तिकडे 'बर्गी' झाला आणि मुलांना झोपवताना म्हणायच्या गाण्यात जाऊन बसला. आपल्या इतिहासातल्या पराक्रमाची ही दुसरी बाजू आहे. घोडदौडीबद्दल अभिमानाने लिहिताना ती गाळता येत नाही.

१८०३मध्ये अडगावच्या लढाईत भोसले हरले. त्याच डिसेंबरात देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड त्यांच्या हातून निजामाकडे गेला. ज्या पुलावरून आज आमच्या गाड्या धडधडत जातात, त्याच्या खालची नदी तेव्हा दोन राज्यांची सरहद्द झाली.

शिलेदारी मात्र संपली नाही. ती इंग्रजांनी उचलली. १८१७मध्ये उभ्या राहिलेल्या पूना हॉर्ससारख्या पलटणी 'सिलादार' पद्धतीने चालत. सैनिक भरतीच्या वेळी ठरलेली रक्कम भरायचा, त्यातून घोडा यायचा, आणि घोड्याच्या दाणावैरणीची जबाबदारीही त्याच्याच पगारातून भागवायची. पहिल्या महायुद्धात घोडे इतक्या वेगाने मरू लागले की कुणाही सैनिकाला त्यांची किंमत पेलणं शक्य नव्हतं. युद्धानंतर १९२१च्या फेररचनेत ही पद्धत बंद झाली.

चिपळूणजवळचं ते पत्र

म्हणजे घोडा ज्याचा, तोच त्याला जपतो. इथवर हिशेब सोपा वाटतो. पण शिवाजी महाराजांनी आपल्या फौजेत पागेला, म्हणजे सरकारी घोड्यांना, शिलेदारांपेक्षा वरचा दर्जा दिला होता. मग त्या घोड्यांना कोण जपणार? बारगिराच्या घरचं तर काहीच जाणार नव्हतं.

याचं उत्तर १६७०च्या दशकातल्या एका पत्रात आहे. चिपळूणच्या परिसरात घोडदळाचा तळ होता. तिथल्या जुमलेदारांना, हवालदारांना आणि कारकुनांना महाराजांनी लिहिलेलं हे पत्र प्रसिद्ध आहे. शेतकऱ्यांच्या भाजीच्या देठालाही हात लावू नका, असा त्याचा आशय आपण भाषणांत ऐकतो. पण पत्राचा पुष्कळसा भाग घोड्यांच्या खाण्याबद्दल आहे. पावसाळ्यासाठी साठवलेला दाणा आणि वैरण आत्ताच बेहिशेबी संपवली तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारली असं होईल, असं त्यात बजावलं आहे. मग तुम्ही रयतेला लुटायला जाल, आणि लोक म्हणतील की यापेक्षा मोगल बरे. चुलीतल्या विस्तवामुळे किंवा दिव्याची वात उंदराने ओढून नेल्यामुळे वैरणीच्या गंजीला आग लागू शकते, इथपर्यंत बारकावे त्यात आहेत.

हे पत्र घोडा असलेल्या माणसाने लिहिलं आहे, हे मला पहिल्याच उन्हाळ्यात कळलं. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसच्या वर जातो आणि चांगल्या कडब्याची पेंढी शोधावी लागते. ऑक्टोबरात आपण किती हात सैल सोडला, ते तेव्हा समजतं. पत्रातली दुसरी गोष्ट मात्र समजायला मला वेळ लागला. घोडा जपण्याचं काम महाराज स्वाराच्या मायेवर सोडत नाहीत. वर कुणीतरी हिशेब ठेवतो आणि जबाब मागतो. मालकी नसेल तिथे नियम हवा.

मालकी असेल तिथेही तो हवा, हे युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी दिसलं.

बर्लिन ते व्हिएन्ना

ऑक्टोबर १८९२मध्ये जर्मन अधिकारी बर्लिनहून व्हिएन्नाकडे निघाले आणि ऑस्ट्रिया-हंगेरीचे अधिकारी व्हिएन्नाहून बर्लिनकडे. अंतर साधारण ५८० किलोमीटर. जो कमीत कमी वेळात पोहोचेल तो जिंकणार, वाटेत तपासणी वगैरे काही नाही. पहिला आलेल्या ऑस्ट्रियन अधिकाऱ्याला ७१ तासांच्या आसपास लागले. त्याचा घोडा पुढच्या काही दिवसांत मेला. एकूण वीसहून अधिक घोडे मेले.

यातल्या कितीतरी घोड्यांवर त्यांच्या स्वारांचं प्रेम असणार. काहींनी आपल्या खिशातले पैसे घालून ते घेतलेले असणार. पण त्यांची रोजीरोटी घोड्यावर अवलंबून नव्हती आणि देशाची इज्जत मात्र पणाला लागलेली होती. असा स्वार स्वतःच न्यायाधीश असला की तो घोड्याचा थकवा ऐकत नाही, हे त्या शर्यतीने सिद्ध केलं.

आपल्याकडची १८०४ची गोष्ट यापुढे ठेवून पाहा. यशवंतराव होळकरांचा पाठलाग करताना इंग्रज सेनापती लेकने आपलं घोडदळ दोन आठवड्यांत सुमारे ३५० मैल नेलं. शेवटच्या चोवीस तासांत सत्तर मैलांच्या आसपास चालून १७ नोव्हेंबरच्या पहाटे फर्रुखाबादजवळ त्यांनी होळकरांचा तळ झोपेत गाठला. युद्धात अशा दौडीला पराक्रम म्हणतात आणि घोड्यांची मोजदाद मागे राहते. खेळात ती मागे ठेवायचं काहीच कारण नाही.

आजच्या एन्ड्युरन्सचा जन्म १९५५चा. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या डोंगरांतून एका दिवसात १०० मैल जायची टेव्हिस कप नावाची घोडदौड तेव्हा सुरू झाली. तिने बर्लिन–व्हिएन्नाचा प्रश्न सोडवला तो थांबे घालून. वाटेत पशुवैद्य उभे केले आणि घोडा पुढे जाणार की नाही, हा निर्णय स्वाराच्या हातातून काढून घेतला. १९६४पासून तिथे आणखी एक चषक दिला जातो. पहिल्या दहांत आलेल्या घोड्यांपैकी सगळ्यांत चांगल्या स्थितीत असलेल्याला तो मिळतो. पुष्कळदा लोकांना या चषकाचं अप्रूप जास्त असतं. पुढे आंतरराष्ट्रीय अश्वक्रीडा महासंघाने हा खेळ आपल्या छत्राखाली घेतला आणि १९८६मध्ये रोमला पहिली जागतिक स्पर्धा झाली.

नियम असला की सगळं सुरळीत होतं असं मात्र नाही. आखाती देशांत सपाट वाळवंटावर वेग वाढत गेला, बक्षिसं वाढली, घोड्यांचे पाय मोडल्याच्या बातम्या येऊ लागल्या. शेवटी २०१५मध्ये संयुक्त अरब अमिरातीच्या संघटनेला आंतरराष्ट्रीय महासंघाने काही महिन्यांसाठी निलंबित केलं. थांबवणाऱ्याचं कुणी ऐकलंच नाही, तर थांबे नुसते कागदावर राहतात.

पुलगावात सुरुवात करताना

आता हे सगळं एका घोडीपुरतं. तुमच्यापैकी कुणाला अशी सुरुवात करावीशी वाटली तर उपयोगी पडेल म्हणून थोडं तपशिलात सांगते.

घोडं आणण्याआधी ग्लँडर्सची रक्ततपासणी झालेली हवी. हा घोड्यांचा रोग माणसालाही होतो आणि त्यासाठी १८९९पासून कायदा आहे. शर्यतीच्या घोड्याची वंशावळ नोंदलेली असते, तिची कागदपत्रं मागून घ्यायची. चारी पायांच्या शिरांची सोनोग्राफी करून घ्यायची. शर्यतीतून बाहेर पडायचं कारण बहुतेक वेळा गुडघ्याखालच्या मागच्या शिरेतच सापडतं. आमच्या घोडीच्या शिरा स्वच्छ होत्या. ती नुसती पुरेशी वेगवान नव्हती.

पहिले चार महिने मी खोगीर घातलंच नाही. मैदानावरचं घोडं दिवसाचे तेवीस तास ठाणावर उभं असतं आणि त्याला दाणा भरपूर मिळतो. बहुतेकांच्या पोटात व्रण असतात. चंदी हळूहळू कमी केली, वैरण वाढवली आणि दिवसभर कुंपणात मोकळं सोडलं. ज्वारीचा कडबा, हिरवा लसूणघास, भिजवलेला हरभरा थोडा, वर मूठभर मीठ. नालबंदाने शर्यतीचे ॲल्युमिनियमचे हलके नाल काढून लोखंडी बसवले.

मग शिकवणी सुरू झाली, आणि शिकायचं होतं ते पूर्वीचं विसरायला. जॉकीला पाय धरून वर चढवतात आणि घोडं चालतच असतं, त्यामुळे स्वार चढेपर्यंत उभं राहायचं असतं हे तिला ठाऊक नव्हतं. शर्यतीत लगाम ताणला की घोडं त्यावर भार टाकून आणखी पळतं, म्हणून थांबवण्यासाठी ओढलेला लगाम तिला पळण्याची आज्ञा वाटायचा. एका मैदानावर एकाच दिशेने वळायची सवय, त्यामुळे शरीराची एक बाजू ताठ. या प्रत्येक गोष्टीला महिना-महिना गेला. या काळात मला कुणी विचारलं की घोडं कुठे पेंड खातंय, तर माझं उत्तर खरोखरच तेच असायचं, घरी, कुंपणात.

काळ्या जमिनीत पावसाळ्यात घोडं घालता येत नाही. चिखल नाल उपटतो आणि शीर ताणतो. म्हणून आमचं वर्ष दिवाळीनंतर सुरू होतं. कापसाच्या शेतांमधून जाणाऱ्या पांदणी आणि मुरमाचे रस्ते हेच आमचं मैदान. पहिले दोन महिने नुसती चाल, रोज सात-आठ किलोमीटर. मग दुडकी, आधी पाच मिनिटं, मग दहा. हृदय आणि फुप्फुसं काही आठवड्यांत तयार होतात, स्नायू काही महिन्यांत. शिरा आणि हाडं मात्र वर्ष-दोन वर्षं घेतात. धोका इथेच आहे. शर्यतीच्या घोड्याचं हृदय आधीपासून मोठं आणि तयार असतं. ते 'चल' म्हणतं तेव्हा पाय अजून तयार नसतात, आणि थरोब्रेडला मागे राहायला कुणी शिकवलेलं नसतं. तो स्वतःहून थांबत नाही.

त्यात ऊन. थरोब्रेडचं शरीर मोठं, स्नायू भरीव. आतली उष्णता बाहेर टाकायला त्याला अरबी किंवा तट्टापेक्षा जास्त वेळ लागतो. घोड्याच्या घामात माणसाच्या घामापेक्षा मीठ जास्त असतं, आणि उन्हात तासाला दहा लिटरहून अधिक घाम जाऊ शकतो. त्यामुळे मुक्कामावर पाणी अंगावर ओतायचं, पाजायचं आणि मीठ द्यायचं. हे सगळं केल्यावरही मार्चनंतर आम्ही खोगीर खुंटीला टांगतो.

चाळीस किलोमीटर

दुसऱ्या हिवाळ्यात, जानेवारीत, आम्ही घरच्या घरी चाळीस किलोमीटरची चाचणी ठेवली. स्पर्धा नव्हती. पण नियम स्पर्धेचे ठेवले: १६, १४ आणि १० किलोमीटरच्या तीन मजला, प्रत्येक मजलेनंतर विहिरीवर मुक्काम, आणि तिथे आमच्या ओळखीचे पशुवैद्य. सुरुवातीलाच ठरलं होतं की त्यांचा शब्द शेवटचा.

पहिली मजल ताशी अकरा किलोमीटरच्या चालीने झाली. आठ मिनिटांत ठोके ६०वर आले. घोडीचे कान पुढे, पोटात गडगड व्यवस्थित. दुसरी मजल संपली तेव्हा तीस किलोमीटर झाले होते. ठोके ६४वर यायला सतरा मिनिटं लागली. मग तिला दुडकीत पळवून दाखवलं. मला काही दिसलं नाही. डॉक्टरांनी पुन्हा पळवायला सांगितलं आणि म्हणाले, डावा पुढचा पाय आखूड पडतोय. इथे थांबा.

दहा किलोमीटर उरले होते. बांधावर पंधरा-वीस माणसं जमली होती, वर्षभर ज्यांना मी 'दिवसभर चालणारी घोडी' ऐकवत होते ती. घोडी स्वतः पाय आपटत निघायच्या तयारीत होती. बर्लिनहून निघालेल्या त्या अधिकाऱ्यांच्या मनात काय झालं असेल ते मला तिथे उभ्या उभ्या थोडं कळलं. माझ्या हातात निर्णय असता तर मी कुठला घेतला असता हे मला सांगता येत नाही, आणि म्हणूनच तो माझ्या हातात नव्हता. खोगीर उतरवलं. घरी आम्ही तिला हातात धरून, गवत खाऊ देत, चालत आणलं. दुसऱ्या दिवशी नालबंदाने चिमट्याने खूर दाबून पाहिला तर तळव्याला मुका मार होता, मुरमातल्या एखाद्या दगडाचा. तीन आठवड्यांची विश्रांती. आणखी दहा किलोमीटर गेली असती तर पाय वाचवण्याच्या नादात दुसऱ्या पायाची शीर ताणली असती, आणि मग विश्रांती वर्षभराची ठरली असती.

फेब्रुवारीच्या अखेरीस तिने चाळीस पूर्ण केले, चार तासांहून थोड्या जास्त वेळात. शेवटच्या तपासणीत ठोके ५६ होते. बघायला या वेळी चारच जण होते. त्यातले एक काका, तरुणपणी पटाला जोडी घेऊन जाणारे, बराच वेळ घोडीभोवती फिरले. तिच्या पायांवरून हात फिरवत म्हणाले, "अजून जाऊ शकते जी ही." मी म्हटलं, "हो काका. म्हणूनच थांबवलं."

पुढचं उद्दिष्ट ऐंशी किलोमीटरचं आहे, आणि त्याला अजून किमान दोन हिवाळे आहेत. समृद्धी महामार्ग आमच्या जवळूनच जातो. विरुळला त्यावर चढलं की गाडी ताशी शंभरच्या पुढे पळते आणि ऐंशी किलोमीटर पाऊण तासात संपतात. त्याच ऐंशी किलोमीटरसाठी मी तीन वर्षं खर्च करते आहे, याचं घरच्यांना हसू येतं.

पण शिलेदाराचा हिशेब मला पटलेला आहे. घोडा माझा, म्हणून त्याचं नुकसान माझं, आणि म्हणून त्याला जपायचं, हा त्याचा अर्धा भाग. दुसरा अर्धा चिपळूणच्या पत्रात आहे: नुसत्या मायेवर विसंबायचं नाही, जबाब मागणारा कुणीतरी वर असायला हवा. ज्या घोड्याला आयुष्यभर फक्त पुढे जायला शिकवलं गेलं, त्याच्या नव्या धन्याने त्याला पहिली देण्यासारखी गोष्ट म्हणजे थांबण्याची जागा. जुन्या लोकांनी त्या जागेवरूनच अंतराला नाव दिलं होतं.